इंझोरीच्या पोरीची पहिली नोकरी

कंडक्टरकीतून निवृत्त होऊन मला आता काही वर्षं झाली. तरी शेलूबाजारच्या फाट्यावर उभा राहिलो की कुणीतरी विचारतंच, "काकाजी, कारंज्याची गाडी गेली काय?" गाडीचं मला आता काही माहीत नसतं. पण कोणत्या दुकानात माणूस पाहिजे आणि कोणत्या गावचं पोरगं पदवी घेऊन घरी बसलंय, हे मात्र बरोबर ठाऊक असतं.

ही सवय बसमधलीच. पुढच्या बाकावर दुकानदार बसायचे. ते म्हणायचे, "काय सांगू भाऊ, माणूसच भेटत नाही कामाले." मागच्या बाकावर कॉलेजची पोरं. ती म्हणायची, "कामच भेटून नाही राह्यलं." मधल्या बोळीत मी, खांद्याला बॅग अडकवून तिकिटं फाडत. दोघंही एकाच थांब्यावर उतरायचे आणि दोन दिशांना निघून जायचे. आधी मला याचं हसू यायचं. मग मी दुकानदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायला लागलो, "शेठ, मागं पाहा ना जरा. तिकडं तिघं बसले हायेत." दोन-चार पोरं अशी चालत्या गाडीत कामाला लागली. निवृत्तीनंतर गाडी सुटली, पण हा उद्योग काही सुटला नाही.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. ती इंझोरीच्या पोरीची.

कारंज्याच्या कॉलेजात जायला ती तीन वर्षं माझ्या गाडीत बसायची. खिडकीजवळची जागा, मांडीवर पिशवी, आणि तोंडातून एक अक्षर नाही. पास दाखवायचा, मान हलवायची, संपलं. तिची मावशी शेलूबाजारात आमच्या घरामागेच राहते. दसरा होऊन सोयाबीनची घाई संपली होती, तेव्हा ही मावशी एका सकाळी तिला आमच्या ओट्यावर घेऊन आली. पोरीच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती, तिचे कोपरे वापरून वापरून पांढरे पडले होते.

"बी.ए. झाली," मावशी म्हणाली. "पाच जागी जाऊन आली. सगळे एकच इचारतात, अनुभव काय हाय? आता कोणी कामच नाही देल्लं तं अनुभव येईन कुठून, तुमीच सांगा."

मी फाइल उघडली. नाव, गाव, शिक्षण, सगळं सुबक अक्षरात. 'अनुभव' लिहिलेल्या ठिकाणी एक आडवी रेघ.

मी काही बोलायच्या आधीच माझी बायको आतून आली. तिनं पदर खोचला आणि माझ्या खुर्चीवर बसली. "मी शेठ हावो," ती म्हणाली. "मले सांग, तुले काय काय येते?"

पोरगी घाबरून मावशीकडे पाहायला लागली. "काही नाही."

"असं म्हटलं तं कोण ठेवन तुले? घरी दिवसभर काय करत राह्यतं?"

"काही नाही."

"सकाळी उठून?"

"सैपाक. मंग वावरात."

"वावरात काय?"

"काही नाही. पाइप बदलाचे."

बायको पुढे सरकली. "कायचे पाइप?"

आणि मग त्या तीन वर्षांच्या मुक्या पोरीचं तोंड उघडलं. तिच्या वडिलांचा गुडघा दुखतो, भाऊ लहान, त्यामुळे हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचं काम दहावीपासून हिच्याकडे. स्प्रिंकलरचा एकेक पाइप उचलून पुढच्या जागी न्यायचा, जोडायचा, नळ्या उभ्या करायच्या, नोझलमध्ये खडा अडकला तर काढायचा. कुठं पाणी गळतं, कुठला रबर कसा बसवायचा, मोटर किती ताकदीची असेल तर किती नोझल चालतात, हे सगळं ती भराभर सांगत सुटली. सांगताना हातानं हवेत पाइप जोडत होती. मावशी तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली.

"आणि हे अनुभवात काहून नाही लिहिलं?" मी विचारलं.

ती गोंधळली. "हे तं घरचं काम होय ना, काकाजी."

बायको खुर्चीवरून उठली आणि मला म्हणाली, "शर्ट बदला. हे पोरगी कोणत्या दुकानात जाते ते मले समजलं."

मलाही समजलं होतं. हायवेला लागून एका जैन शेठजींचं मोटरपंप आणि पाइपांचं मोठं दुकान आहे. माणूस सज्जन, पण फार बारकाईनं पाहणारा. अकोल्याहून येणारं त्यांचं सामान वर्षानुवर्षं माझ्या गाडीनं आलेलं, एक वायसर कधी कमी पडला नाही, म्हणून आमची दोस्ती. त्यांच्याकडचा जुना माणूस नुकताच पुण्याला निघून गेला होता आणि हरभऱ्याचा हंगाम तोंडावर होता. मी पोरीला घेऊन तिथं पोचलो.

शेठजींनी फाइल पाहिली, चष्मा वर केला. "अनुभव?"

"वावरातला हाय," मी म्हणालो.

"काकाजी, वावर वेगळं, दुकान वेगळं. इथं गिऱ्हाइकाशी बोलावं लागते. ही तं बोलूनच नाही राह्यली. पहिल्याच दिवशी काही गडबड केली तं?"

"पहिल्या दिवशी गडबड होनारच, शेठजी," मी म्हणालो, आणि त्यांना माझ्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. ती तोवर मी बायकोशिवाय कुणालाच सांगितली नव्हती.

नवा कोरा खाकी ड्रेस घालून मी गाडीवर चढलो होतो. वाटेतल्या एका गावात एका म्हातारीचं बोचकं टपावर टाकायचं होतं. मी मागच्या शिडीनं वर चढलो, बोचकं ठेवलं, ते नीट बसावं म्हणून शिडीवरूनच त्याच्यावर दोन थापा मारल्या. पण त्या दोन्ही पडल्या टपाच्या पत्र्यावर. खाली ड्रायव्हरला वाटलं, कंडक्टरनं निघायची खूण केली. गाडी सुटली! मी शिडीला लोंबकळतोय, टोपी उडाली, तिकिटांची पेटी पोटाशी धरलेली, आणि आत सगळे प्रवासी विनातिकीट. मी ओरडत होतो, पण इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? पुढच्या थांब्यावर गाडी थांबली तेव्हा आत चौकशी सुरू होती, "कंडक्टर कुठं हाय?" मी धुळीनं भुरका झालेला, मागून दारात येऊन उभा राहिलो. ड्रायव्हर म्हातारा होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बस बाप्पा. पाणी पी आधी. माह्या पहिल्या दिवशी म्या गाडी पाण्याच्या डोबऱ्यात घातली व्हती."

शेठजी इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माझ्या मागे उभी असलेली पोरगीही हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आठ दिवस," शेठजी म्हणाले. "आठ दिवस पाहू."

मावशीकडे राहून ती कामाला यायला लागली. पहिले दोन दिवस काहीच घडलं नाही. ती कपाटं पुसायची, फिटिंगा मापाप्रमाणे लावायची. गिऱ्हाईक आलं की मागं सरकायची. मी रोज सहज गेल्यासारखा जायचो. शेठजी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवायचे. ती मान 'नाही'कडे जास्त झुकत होती.

तिसरा दिवस बाजाराचा. शेठजी सकाळी मंदिरात गेले होते, दुसरा माणूस कुठल्याशा वावरात मोटर बसवायला गेलेला. दुकानात पोरगी एकटी. समोरच्या टपरीवर मी चहा पीत होतो. तेवढ्यात जीपमधून एक धिप्पाड शेतकरी उतरला. त्याला पाच एकरांवर स्प्रिंकलरचा संच घ्यायचा होता.

"शेठ कुठं हाय?"

"मंदिरात गेले. काय पायजे?" तिचा आवाज टपरीपर्यंत आला तेव्हाच मी पेला खाली ठेवला.

"तुले नाही समजनार पोरी. हे नोझल किती दूर पाणी फेकते, ते इचाराचं व्हतं. मागच्या खेपेले एकानं फसोलं मले. लंब्या लंब्या गोष्टी केल्या अन् पाणी पडे पायाजवळ."

पोरीनं कपाटातलं नोझल उचललं. मग म्हणाली, "थांबा. दाखोतो."

दुकानासमोर मोटरी तपासायला एक हौद आहे. तिनं त्यात मोटर सोडली, पाइप जोडला, नळी उभी केली, तिच्यावर नोझल फिरवून घट्ट केलं. ओढणी कमरेला बांधली होती आणि हात असे चालत होते, जणू ती आपल्या हरभऱ्यातच उभी आहे. आजूबाजूला माणसं जमली. शेतकरी हाताची घडी घालून उभा. तिनं आत जाऊन बटण दाबलं.

वावरात नोझल चारही बाजूंना फिरतं, आणि तिथं चारही बाजूंना हरभराच असतो. इथं एका बाजूला दुकान, दुसऱ्या बाजूला टपरी, तिसऱ्या बाजूला जीपची वाट पाहणारी माणसं. हे तिच्या ध्यानातच आलं नाही. नोझलनं एकदा खोकल्यासारखं केलं आणि टक-टक-टक करत फिरायला लागलं. पहिला फेरा टपरीवर. माझ्या चहात पाणी, भज्यांच्या कढईवर चर्रर्र. दुसरा फेरा थांब्यावरच्या बायकांवर. त्या किंचाळत आणि हसत पिशव्या डोक्यावर धरून पळाल्या. आणि तिसरा फेरा निघाला, तेव्हा मंदिरातून शेठजी येत होते. पांढराशुभ्र सदरा, पांढरा पायजामा, कपाळावर केशराचा टिळा. पाणी त्यांच्या छातीवर बरोबर आडवं बसलं.

बटण बंद झालं. पळणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. पोरगी दारात आली, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. शेठजींच्या कपाळावरचं केशर नाकावरून ओघळत होतं. त्यांनी सावकाश चष्मा काढला. पुसायला सदऱ्याचं कोरडं टोक शोधलं, ते सापडलं नाही.

"हे," ते म्हणाले, "किती फुटावर आलं पाणी?"

तिनं नोझलकडे पाहिलं, शेठजींकडे पाहिलं, मनातल्या मनात मोजलं. "तीस, शेठजी," ती म्हणाली. "तुमी बरोबर तीस फुटावर उभे हायेत."

सगळ्यात आधी तो धिप्पाड शेतकरी हसला. मग टपरीवाला. मग ओल्या बायका. शेठजींचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं, आता भडकतात. पण ते हसत होते, पोटावर हात ठेवून, ओल्या सदऱ्यात, भर रस्त्यात.

"पक्कं झालं," शेतकरी म्हणाला. "मले हेच पायजे. अन् जोडून द्याले हेच पोरगी पाठवा, दुसरं कोणी नोको."

त्या दिवसानंतर आठ दिवसांचं नाव कुणी काढलं नाही. शेठजींनी एक अट मात्र घातली: नोझल दाखवायचं तर मागच्या मोकळ्या जागेत. आता तिथं बाजाराच्या दिवशी शेतकरी गोल करून उभे राहतात आणि मधे ती, "काका, जरा मागं सरका, मंग म्हणान सांगतलं नाही," असं म्हणत मोटर सुरू करते.

ही बातमी पाण्यापेक्षा लांब गेली. आमच्या ओट्यावर फायली घेऊन पोरं यायला लागली. बायको त्यांच्यातल्या प्रत्येकाला खोदून खोदून विचारते. एक पोरगा पोहरादेवीच्या यात्रेत दरवर्षी पंगतीत वाढायला जायचा. शेकडो माणसांत कुणाला काय पाहिजे ते त्याच्या लक्षात राहायचं. तो मंगरुळपीरला एका औषधाच्या दुकानात लागला. एका पोराला मी किराणा दुकानात लावलं, तो तिसऱ्या दिवशीच परत आला. "बसून बसून पाय दुखतात," म्हणाला. असं उलटं गाऱ्हाणं मी कधी ऐकलं नव्हतं. आता तो गावोगाव फिरून पार्सलं पोचवतो आणि लई खूश आहे. सगळ्यांचंच जमतं असं नाही. दोघी अजून घरीच आहेत, त्यांच्यासाठी माझं विचारणं सुरू आहे.

हिवाळ्यात एकदा इंझोरीहून त्या पोरीचे वडील आले. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी, शेठजींना द्यायला. दुखऱ्या गुडघ्यानं ते सावकाश चालत होते. मी त्यांना दुकानाकडे नेलं, पण रस्ता ओलांडायच्या आधीच ते थांबले. पलीकडे त्यांची लेक चार मोठ्या माणसांना हातवारे करून काहीतरी समजावत होती. त्यातला एक मधेच बोलला, तर तिनं त्याला हातानं थांबवलं आणि आपलं वाक्य पुरं केलं. ती माणसं माना डोलावत होती.

वडील बराच वेळ पाहत राहिले. "घरी तं बोलतच नाही हो," ते म्हणाले.

"जाऊ ना तिकडं?"

"थांबा जरासे. तिचं होऊ द्या."

गिऱ्हाइकं गेल्यावर आम्ही रस्ता ओलांडला. तिनं वडिलांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ते नको नको म्हणत असताना समोर बसून त्यांच्या गुडघ्याला बांधायचा पट्टा पिशवीतून काढला. आदल्या दिवशीच घेऊन ठेवला होता. शेठजी शेंगा सोलून खात म्हणाले, "एकच पोरगी हाय काय तुमाले अशी?" वडील हसले.

संध्याकाळी मी त्यांना कारंज्याच्या जीपमध्ये बसवलं. जीप भरेपर्यंत निघत नाही. ते पुढच्या सीटवर बसले होते, आणि मागे चढणाऱ्या प्रत्येकाकडे वळून पाहत होते. पहिल्या प्रवाशाला म्हणाले, "ते पाइपाचं दुकान पाह्यलं काय? तिथं माही पोरगी हाय." दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला सांगायला लागले तेव्हा पहिला प्रवासीच मधे बोलला, "हाव ना, पाइपाच्या दुकानात यांची पोरगी हाय." सगळी जीप हसली, आणि सगळ्यात मोठ्यानं तेच. मग ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि मी, जुन्या सवयीनं, मागच्या दारावर दोन थापा मारल्या.