फक्त साखरेचा रकाना

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, भावाला नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या सुनंदाला, माझ्या बायकोला, तर मुळीच नाही. आत्ताही खोलीचं दार लोटून घेतलंय. ती स्वयंपाकघरात आहे. भांड्यांचा आवाज थांबला की माझा लिहिता हात थांबतो.

दुसऱ्यांचे हिशेब तपासणं ही माझी नोकरी. म्हणून मी काय गाळलं, ते नीट सांगतो.

तीन वर्षांपूर्वी सुनंदाला डायबेटिस निघाला. जिलबी, श्रीखंड — सगळं तिने एका दिवसात सोडलं. एकच आवड उरली. ऑफिसातून येताना तिने इथल्या, दिल्लीतल्या द्वारका मेट्रो स्टेशनखालून कडू चॉकलेट आणायचं, आणि जेवणानंतर बाल्कनीत बसून एक तुकडा जिभेवर विरघळू द्यायचा. डोळे मिटून. तेवढा वेळ तिला हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

आहारतज्ज्ञ बाईंना मी त्याबद्दल विचारलं, तेव्हा सुनंदा रक्त द्यायला आत गेली होती. बाई म्हणाल्या, "खाने दीजिए. खाने के बाद, छोटे दो टुकड़े. बस, शुगर के साथ फॅट भी गिनिए."

सुनंदा कोपरावर कापूस दाबत बाहेर आली. काय म्हणाल्या, तिने विचारलं.

"चॉकलेट बंद," मी म्हणालो.

का? माझ्या वडिलांचा पाय याच रोगाने गेला — आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. त्या ड्रेसिंगचा वास अजून नाकात आहे. पण घाबरलेला माणूस खरं बोलू शकत नाही का? मी खोटं बोललो, तेही बाईंच्या नावावर.

वर उदार झालो. चॉकलेटच्या जागी मीच तिच्यासाठी मठरी, इकडची तळलेली खारी पुरी, आणू लागलो. पाकिटामागचा साखरेचा रकाना बघायचा — जवळजवळ शून्य. झालं! खालची फॅटची ओळ वाचलीच नाही. मैदा, वनस्पती तूप — पण खारं आहे ना, मग धोका कसला? रोज चहाबरोबर वाटीभर. मी आणलंय म्हणून ती खायची.

पुढच्या रिपोर्टमध्ये साखर वाढलेली, ट्रायग्लिसराइड्स तर फारच. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, चोरी-चोरी कुछ चल रहा है?"

सुनंदा हसली. "कहाँ, डॉक्टरसाब! घर में पहरेदार बैठा है."

आणि मी — मी म्हणालो, "चॉकलेट की बहुत शौकीन हैं."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. गाडीत बसल्यावर हळूच म्हणाली, "अहो, शप्पथ. एकदाही नाही खाल्लं." मी सिग्नलकडे बघत "बरं, बरं" म्हणालो. जणू माफ करत होतो.

त्या संध्याकाळी पाकीट शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मठरी आणायची थांबवली; का, ते सांगितलं नाही. पुढचे रिपोर्ट सुधारले. डॉक्टर खूश — "देखा, छोड़ दिया न?" सुनंदाने मान खाली घातली. जे केलंच नव्हतं, ते सोडल्याची शाबासकी तिने माझ्या शेजारी बसून घेतली. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

उद्या पुन्हा त्याच आहारतज्ज्ञ बाईंची वेळ आहे. या वेळी मुलगी सोबत जाणार आहे. ती चॉकलेटचं विचारणारच — आईचा वाढदिवस जवळ आलाय. बाई काय सांगतील, ते मला पाठ आहे.

ऑफिसात ऑडिट आहे, मला जमणार नाही, असं मी दुपारी सांगून टाकलं. सुनंदा हसून म्हणाली, "तुम्ही नसलात तर काय काय बंद केलं, ते लक्षात कोण ठेवणार?"

ऑडिट गेल्याच आठवड्यात संपलं.