कशालाही न लागता

भाच्याचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या कचेरीत, सगळ्यांसाठी असलेल्या पंख्याचं तोंड हळूच माझ्याकडे वळवून, डबा उघडत होतो. "मामा, दादा गेले," तो म्हणाला. दादा म्हणजे त्याचे वडील, माझ्या सुमनताईचे मालक, आमचे दाजी. "कुठं गेले?" मी विचारलं. प्रश्न खुळा होता, पण दाजी कायमच कुठंतरी गेलेले असायचे. नारायणगावच्या बाजारात, नाहीतर पुण्याला गाडीच्या स्प्रिंगा शोधत... भाचा म्हणाला, "मळ्यात पाणी धरत व्हते. तिथंच." मी डब्याचं झाकण पुन्हा लावलं आणि ताईच्या गावाला, पिंपळवंडीला जाणारी एसटी पकडली. वाटेत एका वळणावर ड्रायव्हरनं ऐन वळणात ब्रेक दाबला, सगळे प्रवासी एका बाजूला कलले आणि माझ्या मनात सवयीनं आलं, चुकला! ब्रेक आधी मारायचा, वळणात नाही. हे आता दाजींना सांगितलं पाहिजे, असंही आलं. मग मी खिडकीबाहेर बघत बसलो.

त्यांना जाऊन आता दीड-दोन महिने होत आले. दाजींबद्दल लिहायचं तर त्यांच्या लग्नापासूनच सुरुवात करावी लागते, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथं आहे. लग्न आमच्या दारात झालं, कळंबला. निघायच्या वेळी नवरदेवानं हट्ट धरला की, जीप मीच चालवणार. फेटा बांधलेला, मुंडावळ्या डोळ्यांवर आलेल्या, शेजारी ताई बसलेली. त्यांनी रिव्हर्स टाकला आणि जीप सरळ मांडवाच्या खांबावर नेली. शेवटची पंगत बसली होती. सगळं कापड पंगतीवर आलं आणि त्याच्या खालून आमचे मामा हातातली बुंदीची पळी तशीच उंच धरून बाहेर आले. सासरी जाताना मुलीनं रडायचं असतं. आमची ताई जीपमध्ये पोट धरून हसत होती. तेव्हापासून कुठलंही कार्य असो, ती हे सांगणार म्हणजे सांगणारच. "आमच्या ह्यांनी मांडव पाडला!" दाजीही हसायचे, पण त्यांचे कान लाल व्हायचे. ते फक्त मला दिसायचे, कारण पंगतीत माझी जागा बरोबर त्यांच्या शेजारी असायची. मेव्हण्याच्या शेजारी वाढपी दोनदा येतो, हे मी लहानपणीच हेरलं होतं.

नव्वदच्या दशकात दाजींनी जुनी मारुती घेतली. तिची मागची सीट काढून ते टोमॅटोचे कॅरेट भरायचे. एकदा कुणाच्या तरी ट्रकबरोबर नाशिकला माल घेऊन गेले आणि दोन दिवसांनी परतले ते वेगळेच होऊन. तिथं एका मोकळ्या मैदानात त्यांनी ऑटोक्रॉस पाहिली होती. चुन्याच्या रेघा मारलेल्या, मध्ये प्लास्टिकचे लाल कोन ठेवलेले, आणि गाड्या एकमेकींशी नाही तर घड्याळाशी पळतात, एका वेळी एकच. कोन पाडला की वेळ वाढवून धरतात. "कशाला बी न लागता फिरायचं, पावणं! पळण्यापेक्षा न लागनं म्हत्त्वाचं," ते मला सांगत होते आणि बोलता बोलता त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. आत ताई भाकरी थापत होती. "एकदा तिच्यासमोर फिरायचं. न पाडता. मग बघू ती मांडवाचं काय सांगती." हे ते हसत म्हणाले, पण मनापासून म्हणाले.

मग पिंपळवंडीच्या पडीक वावरात मैदान झालं. कोन कुठले आणणार? ताईच्या बादल्या, दोन फुटकी घमेली आणि गोठ्यातल्या पाट्या उलट्या मांडल्या. ताई बांधावरून ओरडायची, "अवो, धुणं कशात भिजवू? तुमच्या टोपीत?" नवशिका म्हणून माझी नेमणूक झाली. मला सायकलच्या पुढचं वाहन कधी नीट जमलं नाही, तरी दाजी म्हणायचे, "तुला शिकवलं तर कुनाला बी शिकवता येईल." पहिल्या फेरीला मी एक बादली चाकाखाली घेतली आणि तशीच बांधापर्यंत नेली. दाजी शांतपणे खिडकीशी आले. "तू बादलीकडं बघत व्हता ना? म्हनून गाडी बादलीकडं गेली. जिकडं जायचं तिकडं बघ. ही बादली आली, की डोळे पुढच्या बादलीवर." ब्रेक सरळ वाटेत, गाडी वळायच्या आधी. वळताना पाय हलका. स्टिअरिंग हिसडायचं नाही, वळवायचं. मारुतीला पुढची चाकं ओढतात, म्हणून वळणात जास्त ॲक्सिलरेटर दिला की तिचं नाक वळायचं सोडून सरळ जातं. हे सगळं मला आजही पाठ आहे. जमत मात्र यातलं एकही नाही.

स्प्रिंग आणि शॉकअपचं वेड त्याहून मोठं. आधी त्यांनी कुणाचं तरी बघून स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला. गाडी बुटकी झाली, दिसायला झोकदार झाली आणि वावरात बकरीसारखी उड्या मारू लागली. ताई एकदाच त्या गाडीत बाजाराला बसली आणि घरी येऊन म्हणाली, "त्यापेक्षा मला कॅरेटात भरून न्या." मग दाजी शिकले. खडबडीत जमिनीवर स्प्रिंग मऊ हवी आणि शॉकअप चांगला, म्हणजे चाक खड्ड्यात उतरतं पण जमीन सोडत नाही. आणि एका वेळी एकच बदल करायचा. टायरमधली हवा बदलली तर स्प्रिंगला हात लावायचा नाही, नाहीतर गुण कशाचा ते कळत नाही. मागचं टोक डोलतंय असं वाटलं म्हणून त्यांनी मागं कडक स्प्रिंगा घातल्या, मागच्या चाकांत हवा वाढवली, पुन्हा फिरले, पुन्हा थोडी वाढवली... अशी कित्येक महिने जुळवाजुळव चालली. शेवटी गाडी त्या बादल्यांमधून अशी जायला लागली की मी हातातलं स्टॉपवॉच दाबायचं विसरायचो. दाजी विचारायचे, "किती?" मी म्हणायचो, "छान!"

फक्त हा सराव ते सकाळी बाजाराला निघताना करायचे. एवढंच. बाजारातले कांतीशेठ कॅरेटात डोकावून विचारायचे, "दाजी, टोमॅटो आनले का चटणी?"

शेवटी नाशिकच्या ऑटोक्रॉसला नाव नोंदवलं आणि त्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. ताईनं दशम्या बांधून दिल्या. ती दारात उभी होती, हातात पदर धरून, आणि मला वाटलं ती काहीतरी विचारणार आहे. दाजी माझ्याकडे बघत तिला म्हणाले, "आज नगं. पयलीच येळ हाय. पुढच्या टायमाला चल." "मी कुठं म्हनलं येते?" ताई म्हणाली आणि आत गेली. गाडीत मी त्यांना म्हणालो, "आणायचं होतं तिला." दाजी म्हणाले, "आन् कोन पाडला तर? मांडवाच्या शेजारी अजून एक गोष्ट व्हईल राव."

पहिली फेरी वाईट गेली. पहिल्याच वळणाला गाडीचं मागचं टोक उडालं, चाकं जमिनीवर टेकेनात, गाडी स्वतःभोवती फिरली आणि तीन कोन घेऊन धुळीत उभी राहिली. लोक हसले. दाजी बाहेर आले, मागं जाऊन रिकाम्या गाडीत बघत उभे राहिले आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. "कॅरेट! आपन सगळी गाडी कॅरेट धरून बसवली की राव!" खरंच होतं. महिनोन्‌महिने जी गाडी जुळवली ती टोमॅटोनं भरलेली होती. मागच्या कडक स्प्रिंगा त्या वजनासाठी होत्या, हवा त्या वजनासाठी होती. रिकाम्या गाडीचा आम्ही कधी विचारच केला नव्हता, कारण रिकामी गाडी फिरवायची म्हणजे पेट्रोल वाया, असं आमच्याकडे कुणालाही वाटतं. शेजारच्या गाडीवाला नाशिकचा पोरगा म्हणाला, "काका, गोणी टाका मागं." पण सुटं वजन नियमात बसत नव्हतं. मी म्हणालो, "मी बसतो मागं." दाजींनी माझ्या पोटाकडे बघितलं. "बसवतील," ते म्हणाले, "पन मग म्होरची चाकं वर येत्याल."

स्प्रिंगा तिथं बदलता येणार नव्हत्या. त्यांनी मागच्या चाकांची हवा काढली. थोडी, मग अजून थोडी. अंगठ्यानं टायर दाबून बघितला आणि गाडीत बसले. दुसरी फेरी ते सावकाश फिरले. वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक, मग पाय उचलून धरलेला, मान पुढच्या कोनाकडे वळलेली. मागचं टोक एकदा सुटल्यासारखं झालं. त्यांनी ब्रेकला हात... म्हणजे पाय लावला नाही, स्टिअरिंग जरा सोडलं, आणि गाडी आपसूक सावरली. एकही कोन हलला नाही. वेळ इतकी वाईट होती की आमच्या खाली बहुतेक फक्त ज्याची गाडी बंद पडली तो होता. पण दाजी गाडीतून उतरले आणि दोरीपलीकडच्या माणसांकडे बघायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक तोंड बघत गेले. मग म्हणाले, "आनायला पायजे व्हतं तिला..."

घरी गेल्यावर ताईनं विचारलं, "कसं झालं?" दाजी म्हणाले, "बरं झालं. आता गाडी नीट बसवतो, मग पुढच्या टायमाला चल." त्यांना वाटलं असावं, सावकाश फिरलेली ती फेरी दाखवण्यासारखी नव्हती. त्यांना अजून चांगली दाखवायची होती. पुढच्या वेळी भाच्याची दहावी आली. त्याच्या पुढच्या वेळी ताईच्या सासूचं दुखणं. मग दाजींची कंबर. दोन हजार साल उलटून गेलं, बाजारासाठी पिकअप आली, मारुती शेडमध्ये गेली. तरी उन्हाळ्यात दाजी तिच्याखाली पाठ टेकून निजलेले दिसायचे. मी विचारलं की म्हणायचे, "मागची बाजू अजून जरा मऊ करतोय. यंदा न्हेनार हाय हिला." दरवर्षी यंदाच होतं.

दहाव्यानंतर पाहुणे पांगले आणि ताई आणि मी ओट्यावर बसलो होतो. ती म्हणाली, "इतकी वर्सं बादल्या माझ्या न्हेल्या आन् मला एकदा बी न्हेलं न्हाई बघ."

"तू म्हणायचं होतंस, येते म्हणून."

"मी कशाला म्हनू? ते म्हनतील, असं वाटायचं."

मग मी तिला नाशिकची दुसरी फेरी सांगितली. कशी हवा काढली, कसं टोक सुटलं, कसं सावरलं. संपल्यावर ती म्हणाली, "कशालाच लागली न्हाई?" "नाही." "एकदा बी?" "एकदाही नाही." "मग सांगितलं का न्हाई मला..." असं म्हणाली, पण ते मला विचारलेलं नव्हतं. परवा गावात एकाच्या मुलीचं लग्न झालं. पंगतीत कुणीतरी मांडवाची गोष्ट काढली आणि ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "गाडी चांगली चालवायचे ते," आणि पोळी वाढून घेतली.

गेल्या रविवारी मी पिंपळवंडीला गेलो तर ती घरात नव्हती. शेडमध्ये मारुतीचं डावं दार उघडं होतं आणि ताई त्या सीटवर बसून मेथी निवडत होती. रोज तिथंच बसते, असं भाचा म्हणाला. मी विचारलं तर म्हणाली, "हितं वारं येतं." पानं तिच्या मांडीवरच्या ताटात पडत होती आणि प्रत्येक काडी टाकायला ती दारातून बाहेर वाकत होती. शेजारची, स्टिअरिंगपुढची सीट रिकामी होती. म्हणालो, "अगं, काड्या तिथं ठेव ना, सारखी कशाला वाकतेस?"

"तिथं नगं," ताई म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.