मेहरूनं आत ठेवलेली माया

मेहरू गेल्याची बातमी आली तवा घरात आमी तिघी होतो. मी, माझी मुलगी दर्शना आनि माझी जाव सुमन. मी बोंबील साफ करत होते, सुमन चहा पीत होती, दर्शना आतल्या खोलीत शिलाई मशीनवर. फोन मेहरूच्या मुलाचा, इरफानचा. "मावशी, अम्मी गेली... चहा मागितला तिनं, मी कप घेऊन येईपर्यंत..." फोन स्पीकरवर होता, आत पन ऐकू गेलं. "येते बाबा," बोलून मी फोन ठेवला. पन कान आतल्या खोलीत. मशीन थांबली होती.

खरं सांगते, मेहरूचं दुःख मला मागनं झालं. आधी भीती वाटली, आता माझी पोरगी परत आजारी पडनार. दर्शना बारा-तेरा वर्षं डोक्याच्या आजाराच्या गोळ्या खाते. तिला विचारूनच हे सांगते. मी चौथी शिकलेली, मी बोलते नि तीच लिवते. तर मी आत गेले. तिनं कपाटातनं आपला पिवळा ड्रेस काढला होता, उलटा करून मांडीवर घेतला होता, शिवनीवरनं बोट फिरवत होती. मग उठली. "आये, सकाळची गोळी राहिलीय. ती घेते, मग जाऊ. नायतर खाला ओरडंल." मेहरूला ती खाला, म्हनजे मावशी, बोलायची. गोळी घेतली, पानी प्यायली, ओढनी घेतली. तवा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

मेहरू अलिबागकडची, लगीन होऊन इथं आली. सारसोळ्यात आमच्या मागच्या गल्लीत खिडकीला मशीन लावून बसायची. मी मासळी विकायची, ती माझे ब्लाऊज शिवायची. टोपलीत नाक घालून बोलायची, "हा पापलेट कालचा हाय. खाडीकाठच्या पोरीला शिकवतेस?" मी बोलायची, "नको घेऊ, माझ्या मांजराला घालीन." तरी घ्यायची.

दर्शनाचा बाप ती लहान असतानाच गेला. बारावीला होती तवा ती झोपेनाशी झाली. टीव्हीवरची मानसं माझ्यावरच बोलतात, बोलायची. एक दिवस टीव्हीवर चादर टाकली. लोक बोलले, देवाचं हाय, बाहेरचं हाय. मेहरू बोलली, "ताप आला तर डॉक्टर, नि ह्याला भगत? चल बेलापूरला." तिथं डॉक्टरबाईनं गोळ्या दिल्या. महिन्याभरात चादर निघाली. पोरगी हसली...

पन भूक लागली, बापरे. भात घालावा नि संपावा. "आये, अजून." मी खुशीत. पोरगी जेवते म्हनजे बरी झाली, असंच मला वाटलं. कालवन-भात वाढतच गेले. गोळीनं भूक लागते, हे मला कुठं ठाऊक. सहा महिन्यांत एक कपडा अंगाला येईना. सुमनच्या पोराची हळद होती. भर मांडवात सुमन बोलली, "काय गं दर्शे, गोळ्या खातेस का वडे?" सगळे हसले. मी पन हसले, लाजेनं. घरी आल्यावर पोरगी बोलली, "आये, गोळी बंद कर. वेडी बरी, अशी नको."

मी बंद केली. आधी अर्धी, मग नायच. कोनाला सांगितलं नाय. दहा-बारा दिवस बरे गेले. मग एका सकाळी बघते, तर टीव्हीवर चादर.

मी मेहरूच्या खिडकीत गेले. ती अशी ओरडली की गल्ली गोळा झाली. "माप बदललं तर कपडा उसवायचा! पोरीचं औषध कशाला कमी केलंस?" मशीन बंद केली नि आली बरोबर. डॉक्टरबाई काय ओरडल्या नाहीत. बोलल्या, "वजन वाढतंय हे मला येऊन सांगायचं. गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही. रक्त तपासू, दुसरी गोळी बघू." दुसरी लागू पडायला वेळ गेला. आमी मायलेकी संध्याकाळी जेट्टीपर्यंत चालायला लागलो. थोडं वजन उतरलं, थोडं राहिलं.

तवाच मेहरूनं तो पिवळा ड्रेस शिवला. दोन्ही बाजूला आत चार-चार बोटं कपडा सोडला. मी बोलले, "एवढा कपडा फुकट घालवलास." ती बोलली, "फुकट नाय, माया हाय ती." शिवनीच्या आत जादा कपडा ठेवतात, त्याला शिवनारे माया बोलतात. मी जन्मभर ब्लाऊज शिवून घेतले, पन तो शब्द तवा पहिल्यांदा ऐकला. दर्शना टेपला घाबरायची, म्हनून मेहरू टेप लावायचीच नाय. नजरेनं बघायची नि शिवन उसवायची. दर्शनानं विचारलं, "खाला, मी जाडी झाले ना?" मला वाटलं, नाय बोलंल. ती बोलली, "झालीस. मग? आत जागा ठेवलीय मी." नि वजन उतरलं की शिवन परत आत घ्यायची. असं करत तिनं पोरीला उसवायला शिकवलं, मग शिवायला. मेहरूची नजर कमी झाली तवा सुई दर्शना ओवून द्यायची. आज सीवूड्सच्या दोन दुकानांची आल्टरेशन माझी पोरगी करते.

परवा मेहरूचा चाळिसावा झाला. मला रडू येतं, पन मी मोकळी हाय. ती हाल न होता गेली. नि ती गेल्यावर पोरगी कोलमडंल, ही माझी भीती पन तिच्याबरोबर गेली.

काल सुमन आली, ब्लाऊज घेऊन. गुडघ्यांच्या गोळ्यांनी अंगावर सूज आलीय तिच्या. दर्शनानं ब्लाऊज उलटा केला नि बोलली, "काय गं काकी, गोळ्या खातेस का वडे?" सुमन आधी हसली... मग खाली बघत बसली. "तवा मी असं बोलायला नको होतं गं," बोलली. दर्शनानं दातानं दोरा तोडला. "बस. आत दोन बोटं माया हाय. होतो लगेच."

पिवळा ड्रेस अजून कपाटात हाय, त्यात पन अजून बोटभर माया शिल्लक हाय. वाचनाऱ्यांना एवढंच सांगते. घरात कोनाला अशी गोळी चालू असंल नि अंग वाढलं, तर डॉक्टरला जाऊन सांगा, आपल्या मनानं गोळी कमी करू नका. कपडा आमच्याकडं आना. दर्शना उसवून देईल.