मोजणी पहिल्या दिवसापासून

"काहून?"

पत्रकाचं प्रूफ हातात पडलं की त्याचा पहिला शब्द हाच. चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद खिडकीच्या उजेडात धरायचा आणि ज्या वाक्यावर आपण सर्वांत जास्त खूश असतो, नेमकं त्यावर शाईचं बोट ठेवायचं. "'भगिनींनो, जाग्या व्हा.' काहून ताई? त्या त आपल्या आधी उठून पाणी भरून राहिल्या."

अकोल्याच्या जुन्या बाजारात एक छोटा ऑफसेट छापखाना आहे. तिथे तो मशीनवर होता. माझं घर चळवळीचं, मी लहानपणी पत्रकांच्या गठ्ठ्यांवरच झोपायचे. आधी बाबांची पत्रकं तो छापायचा, पुढे माझी. बाबांच्या पत्रकांत शिव्या सरस असायच्या, असं त्याचं मत होतं. छापून देणारे पुष्कळ भेटतात. छापताना वाचणारा असा एखादाच, आणि तुमच्या ओळखीत असेल तर त्याला जपा.

एकदा आमच्या महिला मंडळासाठी मी ओव्ह्युलेशनवर पत्रक लिहिलं. स्त्रीबीज महिन्यातून एकदा अंडाशयातून बाहेर पडतं, पुढची पाळी येण्याच्या साधारण दोन आठवडे आधी. ते जेमतेम दिवसभर जगतं. पुरुषबीज मात्र काही दिवस तग धरतं. म्हणून मूल हवं असेल तर बीज सुटण्याच्या आधीचे दिवस महत्त्वाचे, नको असेल तरीही तेच ओळखायचे. प्रूफ त्याने शेवटपर्यंत वाचलं आणि काहीच विचारलं नाही. मला वाटलं, लाजला. मग त्याने मशीन बंद केलं. रॉकेलच्या फडक्याने हात पुसत तो हळूच म्हणाला, "हे आमाले कोनी सांगतलंच नाही ताई."

त्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोघांच्याही तपासण्या झाल्या होत्या. आधी स्वतःची करून घेतली, हे तो आवर्जून सांगायचा. दोघांचे रिपोर्ट चांगले, तरी मूल नव्हतं. आई तेल्हाऱ्याकडची, घरात तिचाच शब्द चालायचा. तिने आता दिवाळीची मुदत दिली होती. तोवर काही झालं नाही तर सुनेला माहेरी पाठवायचं आणि दुसरी मुलगी पाहायची. पाहायची कसली, नात्यातली एक हेरूनही ठेवली होती.

माझं डोकं फिरलं. बाई म्हणजे काय, कायदा काय म्हणतो, सगळं मी तिथेच सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, भाषण बरोबर हाय, पण ते आईपुढे करायची माझी छाती नाही. "मले मोजनी शिकवा."

मग त्याची मोजणी सुरू झाली. उरलेल्या आर्टपेपरवर त्याने स्वतःच एक कॅलेंडर छापलं आणि बायकोच्या पाळीचा हिशोब धरून महत्त्वाच्या दिवसांवर लाल ठिपके दिले. ठिपक्याच्या दिवशी संध्याकाळी मशीन थांबायचं म्हणजे थांबायचं. लग्नपत्रिकांची गर्दी असो, नाहीतर उमेदवाराची माणसं दारात उभी असोत. मशीन गरम झालं, असं सांगून तो निघायचा. शेठ म्हणायचे, "मशीन गरम झालं का तू?" सगळा छापखाना हसायचा, त्यात तोही.

पण महिन्यामागून महिने जात होते आणि ठिपके वाया जात होते. गणपती बसले तेव्हा त्याचं हसणं कमी झालं होतं.

त्याच सुमारास तो बायकोला घेऊन मंडळात आला. ती बारीक चणीची आणि जिभेने तिखट. मी आधी तिलाच विचारलं, की तुझ्या अंगाचा हिशोब हा ठेवतो, हे तुला चालतं का. ती म्हणाली, "ठेवू द्या. तेवढंच माह्याकडं लक्ष राह्यते." त्या दिवशी आमच्या डॉक्टरताई अंगाच्या खुणा समजावत होत्या. बीज सुटायच्या आधीच्या दिवसांत अंगावरून जाणारं पाणी बदलतं, ओलसर आणि बुळबुळीत होतं, बोटांत धरलं तर तार सुटते.

"भेंडी चिरल्यासारखं?" तिने विचारलं.

डॉक्टरताईंनी मान डोलावली. तशी ती नवऱ्याकडे वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, की ते तर तुमच्या लाल ठिपक्याच्या कितीतरी आधी येऊन जातं. मी सांगितलं तर म्हणता, कॅलेंडरात तसं नाही. "खोट तुमच्या हिशोबात असन. माह्या अंगात नाही."

मग मी त्याला विचारलं, मोजतोस कुठल्या दिवसापासून?

"न्हाण्यापासून," तो म्हणाला. यात विचारण्यासारखं काय, असा त्याचा चेहरा होता.

आणि खरंच, त्याच्या घरात दुसरं काही असणार तरी कसं? पाळी आली की ती मागच्या टिनाच्या खोलीत बसायची. ताट तिथेच सरकवलं जायचं. तो पुढच्या खोलीत असायचा आणि त्या दिवसांत तिच्याशी बोलायचा नाही. डोक्यावरून पाणी घेऊन ती स्वयंपाकघरात आली की त्याच्या लेखी महिना सुरू. अंगातला महिना तर रक्त दिसलं त्या पहिल्या दिवसापासूनच चालू झालेला. तिची पाळीही महिना भरायच्या जरा आधीच यायची, म्हणजे बीजही लवकर सुटायचं. बाहेर बसण्याचे दिवस त्याने मोजलेच नव्हते.

"पह्यल्याच दिवशी काहून नाही सांगतलं?" तो तिला म्हणाला.

"त्या दिवसांत तुमी बोलता का माह्याशी?"

तो आपल्या बोटांवरची शाई पाहत राहिला.

पुढची पाळी आली त्या दिवशी तिने छापखान्यात फोन केला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. फोन ठेवून तो शेठना म्हणाला, "बायकोले पाळी आली. आजपासून पह्यला दिवस." एवढ्या आनंदाने म्हणाला, की पत्रिका घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला शुभेच्छा दिल्या.

संध्याकाळी त्याने आपलं ताट उचललं, मागच्या खोलीत नेलं आणि बायकोशेजारी बसून जेवला. आई दारात उभी राहून म्हणाली, घर बाटवलंस. तो म्हणाला, "बाटू दे मा. मोजनी चुकून राहिली." दुसऱ्या दिवशी तो बायकोचा हात धरून तिला पुढच्या खोलीत घेऊन आला. मी इतकी वर्षं या रूढीवर पत्रकं काढत होते. त्या घरात ती एका ताटाने मोडली.

आई बोलायची बंद झाली. तोही महिना कोरडा गेला. पण आता ठिपके तो एकटा देत नव्हता. भेंडीची खूण दिसली की ती फोन करायची आणि मशीन गरम व्हायचं. दिवाळीच्या तोंडावर पाळी आलीच नाही. पहिल्यांदाच त्याच्याकडे मोजायला काही नव्हतं. चाचणीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा तो छापखान्यात आला आणि कोऱ्या कागदांवर नुसताच गुलाबी रंग छापत सुटला. शेठ रागावले नाहीत. आईने नात्यातल्या त्या मुलीकडे निरोप पाठवला, की दुसरीकडे पाहा.

मुलगी झाली. ती चालायला लागली तेव्हा त्याला अमरावतीत मोठ्या छापखान्यात काम मिळालं. निघायच्या सकाळी मी गेले. सामान टेम्पोत चढलं होतं. त्याची बायको माझ्या कानाशी येऊन हसत म्हणाली, "आजच आली पाळी. सासूले सांगतलं मी." पूर्वी अशा दिवशी प्रवास तर सोडाच, तिने उंबरासुद्धा ओलांडला नसता.

म्हातारी आधीच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली होती. तिने सुनेकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं. मग लुगडं आवरून ती आत सरकली आणि शेजारची जागा हाताने झटकली. "ये, बस लवकर. पोरगी तुह्याच मांडीवर झोपते."

तिघी पुढे दाटीवाटीने बसल्या. तो मागे गाद्यांच्या ढिगावर चढला. टेम्पो वळला तेव्हा दोन्ही हात वर करून तो मला काहीतरी ओरडून सांगत होता. इंजिनाच्या आवाजात मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही.