डाव्या मडगार्डातली लांबी

रंगाऱ्यांची 'लांबी' म्हणजे पत्र्यावरचा खड्डा बुजवायचा लगदा. वरून रंग मारला की कुणाच्या बापाला कळत नाही. निदान मला तरी तेव्हा तसंच वाटलं होतं.

ईट गावाहून येताना वळणावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मी आमची जुनी पांढरी गाडी घासली. दादांना, म्हणजे वडिलांना, सांगायची छाती झाली नाही. तेरखेड्याजवळ हायवेवरच्या एका रंगाऱ्याकडून डाव्या मडगार्डात लांबी भरून घेतली आणि साळसूदपणे गाडी दारात लावली. दादांचा त्या गाडीवर भारी जीव. दर पावसाळ्याआधी ते जमिनीवर आडवे होऊन मडगार्डाच्या आतून जळकं ऑइल लावायचे, आणि मी त्यांच्या काळ्याकुट्ट हातांची चेष्टा करायचो.

दोन-तीन वर्षांनी तिथला रंग फुगला. तोवर मोतीबिंदूमुळं दादांना कमी दिसू लागलं होतं. एकदा जेवताना मी म्हणालो, "दादा, मडगार्ड कुठंतरी घासलंय तुमच्याकडून. आता गाडी चालवू नका." काळजीपोटी बोललो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे मला गाडी हवी होती आणि कारण आयतं मिळालं होतं. दादा अर्धी भाकरी ताटातच ठेवून उठले. पुढं ऑपरेशन झालं, लख्ख दिसायला लागलं, तरी त्यांनी गाडी मागितली नाही. मीही देऊ केली नाही.

गेल्या उन्हाळ्यात गंजून तिथं भोकच पडलं. गाडी धाराशिवच्या गॅरेजात नेली, तर दादाही सोबत आले. डेंटरनं बॉनेटच्या कडेचे बोल्ट काढले. दाराजवळचे दोन बोल्ट रॉकेल सोडूनही हलेनात, तेव्हा छिन्नीनं तोडले. सुटलेलं मडगार्ड त्यानं दादांच्या खुर्चीपुढं उताणं टाकलं.

"काका, आतनं बघा, ऑइलनं पत्रा नव्यावानी ऱ्हायलाय. गंज वरनं धरलाय, लांबीखाली. बोटभर भरलीया. कुनी ठोकली हुती एवढी?"

लांबी कुणीतरी भरून घेतल्याशिवाय आपोआप भरली जात नाही. दादांनी आयुष्यात कधी ती भरून घेतली नव्हती. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. माझी मान आपोआप खाली गेली.

"म्याच ठोकली हुती," ते डेंटरला म्हणाले. "लई दिस झाले."

मी तिथंच खरं सांगायला हवं होतं. परक्या माणसासमोर नको, अशी मी स्वतःची समजूत घातली. माझा भित्रेपणा असाच नेहमी काहीतरी सबब शोधतो.

संध्याकाळी नवं मडगार्ड बसल्यावर मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं. "दादा, गाडी ट्रॉलीला मीच..."

"कळलं."

"माझं चुकलं, दादा. तुम्ही चालवा."

त्यांनी वाकून स्टिअरिंगला हात लावला आणि काढून घेतला.

"इतकी वरसं मला वाटत हुतं, माज्याकडनं गाडी घासली अन् मला कळलंबी न्हाय," ते म्हणाले. "आता भ्या वाटतंय रं."

आणि वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.