बुधवारचा डबा

जगातली निम्मी भांडणं दुसऱ्याचा डबा न बघितल्यामुळे होतात, असं छातीठोकपणे सांगणारी एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आली, ती म्हणजे आमच्या लेकाच्या अंगणवाडीच्या बाई. आमच्या धरणकाठच्या पळसदेवात नव्या माणसाला नावगाव विचारतात. बाई 'घरी काय शिजतं?' असं विचारायच्या. मला तर गावभर त्यांनी 'ते ताटातला शेपू टाकणारे' करून ठेवलं होतं. दर बुधवारी पोरांनी घरचा डबा आणायचा, कुणी केलंय ते सांगायचं आणि शेजाऱ्याला घास द्यायचा, हा त्यांचा नेम. कुणी 'शी' म्हटलं, तर त्यानं त्याच पदार्थाचे तीन गुण सांगायचे. तपासणीला आलेल्या मॅडमनी हुलग्याच्या माडग्याला नाक मुरडलं, तेव्हा बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. मॅडम दोन गुणांवर अडल्या आणि तिसऱ्यासाठी वाटीभर माडगं प्यायल्या.

धरणावर मासे धरायला बिहारहून आलेल्या कुटुंबातली रूपा अंगणवाडीत आली, तेव्हा तिच्या डब्यात मासा-भात होता. आमचे चिरंजीव 'शी' म्हणाले. तिनं झाकण लावलं आणि पुढचे दोन बुधवार ती फिरकलीच नाही. बाई थेट आमच्या दारात.

"पाच वर्सांचं पोर हे 'शी' कुठं शिकतंय, दादा?"

धरणाच्या काठानं जाताना नाकाला रुमाल लावणारा मीच होतो.

"रूपाला मी आणते. येत्या बुधवारी पंगतीला तुमीच या."

गेलो. पोरांत मांडी घालून बसलो. रूपानं डबा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. बाई माळकरी, मासळीला हात न लावणाऱ्या. पण त्या तिला अगदी खेटून बसल्या आणि झाकणाजवळ नाक नेलं.

"माझ्या गळ्यात माळ हाय बाळा, मी खात न्हाय. पण तुझ्या आईनं मोहरी वाटलीया, व्हय ना?"

रूपानं मान हलवली आणि हळूच झाकण उघडलं.

"हं दादा, तीन गुण सांगा."

रंग सांगितला, वास सांगितला. तिसऱ्यासाठी घास घ्यावाच लागला. लेक माझ्या तोंडाकडे बघत होता. "चांगलं लागतंय," मी म्हणालो, आणि खरंच लागत होतं. मग त्यानंही हात पुढं केला. रूपानं काटा काढून त्याला घास दिला.

बाई आता निवृत्त होऊन लेकीकडे इंदापूरला असतात. रूपाचं कुटुंब दुसऱ्या कुठल्याशा धरणावर गेलं. कुठल्या, ते विचारायचं राहूनच गेलं, याची चुटपुट लागते. लेकाला ते 'शी' मी शिकवलं आणि बाईंनी पुसलं, हे उपकार मी विसरायचा नाही. आमच्याकडे अधूनमधून मोहरी वाटून मासा होतो. करते लेकाचीच आई. पण पहिल्या घासाआधी तो अजून बुधवारचा नेम पाळतो आणि कुणी केलंय ते सांगतो.

"रूपाच्या आईनं," म्हणतो.