टोचलं की ‘हो’ म्हणा

“डोळे मिटा. टोचलं की ‘हो’ म्हणा,” डॉक्टर म्हणाले.

मी डोळे मिटले आणि वाट पाहत राहिलो. डॉक्टर सुई शोधत असतील, म्हणून आणखी थोडी वाट पाहिली. शेवटी म्हणालो, “करा सुरू.”

“अहो,” समोरच्या खुर्चीवरून सुधाचा आवाज आला, “त्यांनी केव्हाच सुरू केलंय.”

माझं निदान मला असं बायकोकडून कळलं. तिचा इतका हळू आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. सुधानं जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि कुणाला अर्धा गुणही फुकट दिला नाही. मलाही नाही.

डॉक्टरांनी नाव सांगितलं: पेरिफेरल न्यूरोपथी. म्हणजे हातापायांच्या टोकांना जाणाऱ्या नसांना झालेली इजा. रक्तात साखर जास्त राहिली की बहुधा सर्वांत लांबच्या नसा आधी बिघडतात. घोट्याला सुई टोचत होती. बोटांना नाही.

तशी सूचना मला आधीच मिळाली होती. छापखान्यातली मुद्रितं तपासण्याची नोकरी सोडून मी हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायला लागलो होतो. काचेची इमारत, दिवसभर खुर्ची, पायात बूट. कंपनीनं ‘वेलनेस डे’ साजरा केला. फुगे होते, फीत होती, ती कापायला परदेशातून आलेले साहेब होते. सगळ्यांचं रक्त घेतलं आणि मग सगळ्यांना केक वाटला. माझ्या रिपोर्टवर आलं ‘प्रीडायबेटिस’: साखर हवी त्यापेक्षा जास्त, पण मधुमेह म्हणण्याइतकी नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, “बॉर्डरलाइन आहे, लक्ष ठेवा.” बॉर्डरलाइन म्हणजे आपण अजून अलीकडे, असा अर्थ मी लावला.

पुढच्या उन्हाळ्यात तळपाय जळायला लागले. पायावर चादरसुद्धा नको व्हायची. आता तळपाय जळतात म्हटल्यावर आमच्या पेठेत कुणी रक्त तपासायला जात नाही. उष्णता झाली म्हणतात. सुधानं मंडईजवळून गुलकंद आणला. सकाळी गुलकंद, दुपारी मोरावळा. दोन्ही साखरेत मुरलेले. संध्याकाळी काशाची वाटी. तळपायाला तूप लावून वाटी घासायची, तळवा काळा झाला की उष्णता बाहेर पडली.

“बघा, केवढी निघाली!” सुधा वाटी पुढे करायची.

काशावर तूप घासलं की ते काळं होतंच, त्याला उष्णता लागत नाही, हे मला ठाऊक होतं. बुवाबाजीवर मी लेख लिहिले आहेत. पण वाटी गार लागायची, म्हणून गप्प बसायचो. माझा संशयवाद तळपायापर्यंत पोचला नव्हता.

मग जळजळ कमी झाली. आम्ही खूश होऊन गुलकंदाची दुसरी बरणी आणली. काही आठवड्यांनी वाटीही गार लागेनाशी झाली. सुधानं ती फ्रीजमध्ये ठेवून पाहिली. तरी लागेना. तेव्हा कुठे आम्ही हॉस्पिटल गाठलं.

तिथे लॉबीत कारंजं होतं आणि पेशंटला ‘गेस्ट’ म्हणत. गेस्टला उपाशीपोटी बोलावून सकाळभर बाकावर बसवत. एचबीएवनसी केली, ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. बॉर्डर मागेच राहिली होती. मग नर्व्ह कंडक्शन, म्हणजे विजेचे बारीक झटके देऊन नसांचा वेग मोजणं. झटके चांगले बसले. मला इतका आनंद झाला की टेक्निशियननं चमकून वर पाहिलं. रिपोर्ट नॉर्मल आला.

“म्हणजे नसा चांगल्या आहेत?” मी विचारलं.

“जाड नसा,” डॉक्टर म्हणाले. “गरम, गार, टोचणं हे बारीक नसा सांगतात. त्या या मशीनला दिसत नाहीत.”

“गेलेलं परत येईल?”

“साखर आटोक्यात ठेवलीत तर पुढचं रोखायचा प्रयत्न करता येईल. गेलेलं येईलच असं मी म्हणणार नाही.”

त्या इमारतीत ऐकलेलं हे एकच साधं वाक्य. ते नको असलेलं निघालं.

रिक्षात सुधा म्हणाली, “मीच चारला गुलकंद.”

“मी मागून खात होतो.”

“आणि मोरावळा?”

“तो मुळीच आवडायचा नाही.”

ती हसली नाही.

तुमचे तळपाय जळत असतील तर वाटी खुशाल घासा, पण आधी रक्त तपासा. आणि जळजळ आपोआप थांबली तर लगेच खूश होऊ नका. सांगणारी नस बरी झाली असेल किंवा सांगायची बंद झाली असेल. कुठलं ते आतून कळत नाही. मला कळलं नाही.

आता गोळ्या आहेत, चालणं आहे, घरातही चपला आहेत. अंघोळीचं पाणी किती गरम ते सुधा सांगते. संध्याकाळी ती माझा पाय मांडीवर घेते आणि मंडईत भेंडी निवडावी तशी एकेक बोट उलटसुलट करून जखम शोधते. मग म्हणते, “मिटा डोळे. मी धरलंय ते कुठलं बोट?”

“करंगळी.”

“बरोबर.”

“अंगठा.”

“बरोबर.”

काही उत्तरं मी अंदाजानं देतो. ती सगळीच बरोबर येतात. मी डोळे उघडत नाही.